सुट्टी, लग्नघर आणि पोरांचे दात

प्रश्न: नमस्कार डॉक्टर ताई. मी जुळे सोलापूरला राहते, मुलगा सात वर्षांचा, मुलगी साडेतीन. परीक्षा संपली की आम्ही महिनाभर माहेरी जातो, यंदा तर भावाचं लग्न पण आहे. मागच्या वर्षी परत आलो आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री पोराची दाढ इतकी ठणकली की रात्रभर रडला, दुधाच्या दाताचं रूट कॅनल करावं लागलं. घरचे म्हणतात, पडणारच होता की तो दात, कशाला पैसे घातले. तिकडे आजी-मामा लाडाने देतात, नाही कसं म्हणायचं?

उत्तर: ताई, आधी हे मनातून काढून टाका की तुम्ही पैसे वाया घातले, अजिबात नाही. दुधाच्या पुढच्या दातांचं ठीक आहे, सहा-सात वर्षांत पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात, म्हणजे तुमच्या पोराला अजून तीन-पाच वर्षं त्याच दाढांवर भाकरी चावायचीय, आणि खाली येणाऱ्या पक्क्या दाताची जागा पण तीच धरून ठेवते. लवकर काढली तर शेजारचे दात सरकतात आणि मग पुढे तारा लावायची वेळ येते.

आता सुट्टीचं. दरवर्षी जूनमध्ये माझ्याकडे गालाला हात लावून पोरं येतात आणि आई म्हणते, अहो एवढं काही गोड खाल्लं नाही हो त्याने. खरं असतं ते, पण मी विचारते किती वेळा खाल्लं? तिथे सगळं कळतं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, त्याने दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं, मग लाळ हळूहळू ते आम्ल मोडते आणि झीज भरून काढते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्त पण. शाळा असताना डबा, जेवण, मधल्या वेळचं असं ठरलेलं असतं त्यामुळे लाळेला वेळ मिळतो. सुट्टीत सकाळी पाडव्याच्या उरलेल्या गाठीचा तुकडा, दहाला सरबत, दुपारी पेप्सी, म्हणजे ती प्लास्टिकच्या नळीतली गोड बर्फाची, चारला उसाचा रस, संध्याकाळी गोळा, आणि लग्नघरात तर येता जाता बुंदीच्या परातीत हात, लाळेने काम कधी करायचं सांगा.

पेप्सीकडे तर एकदा नीट बघा. पोरगं ती नळी गालात एकाच बाजूला धरून वीस-वीस मिनिटं चोखत बसतं, साखरेचं पाणी सारखं त्याच दाढेवरून जातं. गोळ्याचं पण तसंच, चोखून पांढरा झाला की परत रंग मारून घ्यायचा. एसटीत उलटी होऊ नये म्हणून लिमलेटच्या गोळ्या देतो त्या पण तशाच. त्यापेक्षा जेवताना वाटीभर आमरस खाल्लेला मला चालतो, मनापासून सांगते, दोन वाट्या खाऊ दे. म्हणून आजीला नाही म्हणूच नका, एवढंच म्हणा की आई, जे द्यायचंय ते जेवणाबरोबर द्या, मधल्या वेळेला धपाटं-दही नाहीतर शेंगाचटणी-भाकरी द्या. आजीचा मान राहतो आणि पोराचे दात पण. गोळा खायचाच तर जेवण झाल्या झाल्या, आणि वरून पाणी पिऊन खळखळून चूळ. कैरी, लिंबू सरबत असं आंबट खाल्लं की मात्र लगेच ब्रश करू नका, कवच मऊ झालेलं असतं, अर्धा तास थांबा.

आणि रात्र! रात्री झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे हळदीच्या रात्री बारा वाजता पेढा खाऊन पोर तसंच आडवं झालं की सकाळपर्यंत तो दातावरच. कितीही दमलेलं असू दे, गच्चीवर अंथरूण टाकायच्या आधी ब्रश, आणि तो तुम्ही करून द्यायचा, सात-आठ वर्षांपर्यंत पोरांना मागच्या दाढा स्वतःला नीट घासता येत नाहीत. पेस्ट फ्लोराइडची घ्या, ट्यूबवर 1000 पीपीएमच्या आसपास लिहिलंय का बघा, मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. मुलीला मटारच्या दाण्याएवढी पुरे, तिला थुंकायला शिकवा, चूळ भरून सगळी धुऊन टाकू नका.

निघायच्या आधी दोघांचे दात दाखवून या. मुलाच्या सगळ्यात मागे सहाव्या वर्षी एक पक्की दाढ येते, कुठलाही दात न पडता येते म्हणून आयांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्या खाचांत कीड बसते. त्या खाचा सीलंट लावून बुजवता येतात, इंजेक्शन नाही की दुखत नाही.

प्रश्न: सासूबाई नातवाच्या हिरड्यांना मिश्री लावतात, दात घट्ट होतात म्हणे. खरं का?

उत्तर: नाही, आणि आजपासून बंद करा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, पोराला तिची सवय लागते. सासूबाईंनाही माझ्याकडे एकदा आणा, त्यांचं तोंड तपासून घेऊ, आणि त्यांना मीच समजावून सांगते, तुम्ही मध्ये वाईटपणा घेऊ नका.

प्रश्न: मागच्या मे महिन्यात आमचा नऊ वर्षांचा नातू विहिरीवर पोहताना पायरीवर आपटला, समोरचा दात मुळासकट निघाला. आम्ही रुमालात गुंडाळून ठेवला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो, तर म्हणाले आता उपयोग नाही. असं का?

उत्तर: काका, वाचून फार वाईट वाटलं, हे कुणी आधी सांगतच नाही. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो, रुमालात तो सुकून मरतो. नऊ वर्षांचा असेल तर समोरचा दात पक्का असतो, तो पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, माती असेल तर दहा सेकंद पाण्याखाली धरायचा, घासायचा नाही, आणि जमलं तर लगेच त्याच जागेत बसवून पोराला स्वच्छ कापड चावून धरायला लावायचं. नाही जमलं तर वाटीभर गार दुधात टाकायचा आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दाताचा डॉक्टर गाठायचा, कुणीतरी वाटेतूनच फोन करून ठेवायचा. दुधाचा दात निघाला तर मात्र तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते, पण पोराला दाखवायला आणा.