हवानातली स्वस्त कोहिबा

झाकणाला काच असलेली कोहिबाची, म्हणजे क्युबाच्या नामांकित सिगारांची, पेटी दिसली की पुढचं तपासूच नका. तशी पेटी कंपनी बनवतच नाही, माल नकलीच. 'कारखान्यातल्या कामगारांच्या कोट्यातला माल आहे, म्हणून स्वस्त' ही रस्त्यावरच्या विक्रेत्यांची जुनी थाप.

लाकडी पेटी उलटी करा. 'हेचो एन कुबा' (क्युबात बनवलेलं) आणि 'तोतालमेंते अ मानो' (पूर्णपणे हातानं) ही स्पॅनिश अक्षरं लाकडात भाजलेली, बोटाला खोलगट लागणारी हवीत. कारखान्याचा सांकेतिक शब्द आणि महिना-वर्ष मात्र शाईत. डावीकडच्या हिरव्या हमीपट्टीवरचा बारकोड क्रमांक क्युबाचे सिगार विकणाऱ्या आबानोस कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. क्रमांक जुळला तरी निश्चिंत होऊ नका, खऱ्या रिकाम्या पेट्या पुन्हा भरल्या जातात. म्हणून आत बघा: सिगारांचा रंग एकसारखा, त्यांच्यावरच्या सगळ्या कागदी पट्ट्या एकाच उंचीवर हव्यात. शंका उरलीच तर एक सिगार उभा चिरा. अखंड लांब पानांऐवजी चुरा निघाला तर विषय संपला.

माल नकली निघाला तर विक्रेत्याकडे पैसे परत मागा, पण पेटी दुसऱ्याला विकू नका, भेटही देऊ नका. चांगल्या सिगारांच्या ह्युमिडॉरमध्ये (ओलावा राखणाऱ्या पेटीत) तर अजिबात नको. तंबाखूतले भुंगे सगळा साठा पोखरतात. आत काय भरलंय ठाऊक नाही, तेव्हा ओढण्यापेक्षा कचऱ्यात टाकलेली बरी.