शब्दांची चौकशी : रंगातला 'मॅट'

प्रश्न : घर रंगवायला काढलंय. रंगारी विचारतो, "मॅट की ग्लॉसी?" हा मॅट आणि दारातलं पायपुसण्याचं मॅट एकच का? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : नाही. पायपुसण्याचं मॅट लॅटिन 'मत्ता', म्हणजे चटई, यावरून आलं. रंगातला मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, फ्रेंच 'मात'वरून. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हरलेला, मलूल. त्याचं मूळ बुद्धिबळाच्या शहमातमध्ये, असं काही अभ्यासक मानतात, तर काही लॅटिनकडे बोट दाखवतात. जर्मनमध्ये मात्र 'मात' आजही निस्तेज, थकलेला आणि पटावर हरलेला, तिन्ही अर्थांनी चालतो. आपली 'मात करणे'तली मात अरबी-फारसीतून आलेली.

मराठीत मॅटसाठी 'निस्तेज रंग' लिहू नये, त्यात आजारपणाची छटा येते. 'बिनचकाकीचा' नेमका शब्द.

आता भिंतीकडे. मॅटमध्ये रंगद्रव्य जास्त, बांधणारं राळद्रव्य कमी. म्हणून पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत राहतो आणि उजेड चहूकडे विखुरतो. त्यामुळे पुट्टीचे उंचवटे झाकले जातात. पण स्विचबोर्डाजवळचा डाग जोरात घासलात तर खडबडीतपणा दबून तिथेच चकचकीत ठिगळ उमटतं. ओल्या मऊ फडक्याने हलकेच टिपा.

चकाकी मोजायला ग्लॉसमीटर असतो : काळ्या पॉलिश केलेल्या काचेची चकाकी 100 धरून 60 अंशांच्या कोनात उजेड टाकून मोजतात. वाचन 10 च्या खाली आलं, की 85 अंशांच्या कोनात पुन्हा मोजतात. घरी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरा. चकाकीतला फरक लगेच दिसेल.