काजी घराण्यात जन्मलं म्हणून कोणी रब्बी होत नाही

अलिबागकडच्या एका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातल्या, वडिलांचं पत्र आलंय. घराणं झिराडचं, पूर्वज काजी, म्हणजे समाजाचे धार्मिक विधी करणारे. मुलगा यंदा बारावी सायन्स, ६१ टक्के. त्याने रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, व्हावं म्हणजे इस्रायलला जाणं सोपं होईल आणि घराण्याचं नावही राहील, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय, "पोरगा नर्सिंग म्हणतो, पण काजींच्या घरात नर्स?"

दादा, मार्कांचं राहू द्या, तुमचं हे शेवटचं वाक्यच मला टोचलं. दोन पानांच्या पत्रात मुलाला तुम्ही चार शब्द दिलेत. बाकी सगळे तुमचे चुलत आजोबा, जे १९६४ मध्ये जेरुसलेमला धरण्याला बसले होते. तो राग मला कळतो, लग्न करायला गेलेल्या आपल्या माणसांना तिथली रब्बीमंडळी आईची, आजीची, पणजीची वंशावळ विचारत होती, शेवटी त्याच ऑगस्टात इस्रायलच्या पार्लमेंटला सांगावं लागलं की बेने इस्रायल पूर्ण ज्यू आहेत. पण म्हणून त्या अपमानाची परतफेड अठरा वर्षांच्या पोराने दाढी वाढवून करायची का?

आणि मुळातच एक घोळ आहे. आपल्या लोकांना ज्यू धर्म नव्याने शिकवणाऱ्या डेव्हिड रहाबींनी झिराडकर, राजपूरकर, शापूरकर अशा तीन घरांतली माणसं शिकवून तयार केली, ते काजी, आणि काजीपण पुढे बापाकडून मुलाकडे जात राहिलं. रब्बीचं तसं नाही हो! वंशाने येतं ते कोहेनपण, म्हणजे पुरोहितपण. रब्बीची स्मिखा, म्हणजे रब्बी होण्याची मान्यता, अभ्यासाने मिळते, येशिवात म्हणजे धर्मशाळेत बसून वर्षानुवर्षं तालमूद हा धर्मशास्त्राचा ग्रंथ, तोही अरामाईक भाषेतला, मग खाण्यापिण्याचे, शब्बाथचे, सुतकाचे नियम आणि त्यावर परीक्षा. तुमचा मुलगा शनिवारी सिनेगॉगमध्ये हिब्रू घडाघडा वाचतो पण अर्थ कळत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या रब्बी नव्हतेच, प्रार्थना चालवणाऱ्या हझानवर सगळं चाललं, मलिद्याचा विधीही झाला आणि लग्नंही लागली.

इस्रायलला जायला तर स्मिखा लागतच नाही. ज्यूंना तिथे येऊन राहू देणारा १९५० चा परतीचा कायदा आहे, १९७० पासून एक आजी किंवा आजोबा ज्यू असले तरी चालतं, फक्त कागद नीट हवेत. तिथे गेल्यावर उल्पानमध्ये, म्हणजे भाषावर्गात, हिब्रू, आणि वय बघून सैन्यातली सेवा, ही खरी तयारी. परदेशातून शिकून आलेल्या नर्सला तिथली लायसन्स परीक्षा द्यावी लागते, ती देता येते. म्हणजे तुमच्या दोन इच्छांपैकी जाण्याची इच्छा पोराच्याच रस्त्यावर आहे, तुम्हीच आडवे आलात.

बाळा, तू वाचत असशील तर बीएस्सी नर्सिंगची सीईटी दे, फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ४५ टक्के लागतात ओपनला, इंग्लिश वेगळं पास हवं, ते तपास. आणि पुढचं पत्र तू लिही, बाबांना न दाखवता.