पाखंडी माणूस ढोंगी नसतो

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्लीच्या धार्मिक ओढींवर एका कर्मठ ख्रिस्ती लेखकाने लिहिलेल्या लेखाचं मराठी रूपांतर वाचनात आलं. त्यात एल्विसला ‘पाखंडी’ म्हटलंय. पण तो तर भक्तिगीतं जीव ओतून गायचा, मग ढोंगी कसा? त्याच्या श्रद्धांच्या मिश्रणाला ‘समन्वय’ म्हणणं जास्त बरोबर नाही का? आणि शुद्ध रूप कोणतं, पाखंड की पाखांड?

पाखंडी म्हणजे ढोंगी नव्हे. नव्हे, नव्हे आणि नव्हे. हा हिंदी मालिकांचा प्रसाद आहे. तिथे कुठलाही भोंदू बाबा उघडा पडला की नायिका ‘पाखंडी!’ म्हणून किंचाळते आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बातम्यांत तोच शब्द त्याच अर्थाने उतरतो. मराठीत ढोंगासाठी शब्दांचा दुष्काळ पडला आहे का? ढोंगी आहे, दांभिक आहे, भोंदू आहे, बगळाभगत आहे. इतके असताना एका जुन्या, नेमक्या शब्दाची धार बोथट करायचं कारण काय?

मराठीत पाखंड म्हणजे प्रस्थापित धर्ममताच्या विरुद्ध जाणारं मत. तुकोबा ‘पाषांड खंडण’ हे आपलं काम म्हणून सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खोटं मत आहे. खोटा माणूस नव्हे. खोट्या माणसांचा समाचार त्यांनी इतरत्र भरपूर घेतला आहे आणि तिथे शब्द वेगळे आहेत. ढोंगी माणूस मानतो एक, दाखवतो दुसरं. पाखंडी जे दाखवतो तेच मानतो, आणि नेमकी तीच त्याची अडचण असते. मनापासून न मानणाऱ्याला पाखंडी म्हणताच येत नाही. म्हणून ‘एल्विस प्रामाणिक होता, मग पाखंडी कसा’ हा प्रश्नच उलटा आहे. प्रामाणिक होता म्हणून तर त्याच्यावर हा आरोप ठेवता येतो.

जाता जाता ‘कर्मठ ख्रिस्ती’बद्दल. कर्मठ म्हणजे कर्मकांडाला चिकटलेला. ज्या प्रॉटेस्टंट परंपरेतून एल्विसवर अशी टीका होते, तिचा पायाच मुळी माणूस कर्माने नव्हे तर श्रद्धेने तरतो हा आहे. त्यांना कर्मठ म्हणणं म्हणजे त्या परंपरेचा प्रवर्तक लूथर याच्यावर अन्याय. परंपरानिष्ठ म्हणा, सनातनी म्हणा.

आता खरी मजा. पाखंड शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती अशी देतात की ‘पा’ म्हणजे पालन करणारा वेदधर्म आणि त्याचं ‘खंडन’ करतो तो पाखंड. ऐकायला झकास आणि साफ चूक. कारण यातला ‘ख’ मूळचा नाहीच. संस्कृतातलं जुनं रूप पाषंड. मूर्धन्य ‘ष’चा उच्चार ‘ख’ करण्याची उत्तरेकडे जुनी रीत आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे वैदिक आजही ‘सहस्रशीर्षा’ला ‘सहस्रशीर्खा’ म्हणतात. आपल्याकडे विषाचं विख आणि औषधाचं ओखद झालं, ते याच वाटेने. तेव्हा ‘खंड’ गेला, आणि ‘खंडन’ही गेलं.

मग पाषंड कुठून आला? बरेच कोशकार ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असं लिहून हात झटकतात. मला ही सावधगिरी वाटत नाही, आळस वाटतो. पुरावा दगडावर कोरलेला आहे. अशोकाच्या शिलालेखांत हा शब्द ‘पासंड’ म्हणून पुन्हा पुन्हा येतो. पण वायव्येकडच्या शाहबाझगढीच्या खरोष्ठी लिपीतल्या लेखात रूप आहे ‘प्रषंड’. हा ‘र’ तिथे काय करतोय? त्याच लेखात ‘धर्म’चं ‘ध्रम’ झालं आहे, ‘सर्व’चं ‘सव्र’, आणि खुद्द प्रियदर्शीचं ‘प्रियद्रशि’. त्या बोलीत ‘र’ची जागा अशी सरकते. मग तीच चाल उलटी चालवली तर प्रषंडाच्या मागे ‘पर्ष-’ उभं राहतं. आणि ‘पर्षद्’ म्हणजे काय? परिषद! पार्षद म्हणजे परिषदेतला, त्या मंडळीतला. पासंड म्हणजे अशी एखादी मंडळी, तिचा पंथ.

आक्षेप येणारच की मधला अनुस्वार कुठून आला आणि ‘द’चा ‘ड’ कसा झाला. ‘र’ आणि ‘ष’च्या शेजारात दंत्य वर्ण मूर्धन्य होणं यात नवल काहीच नाही. आणि अनुस्वाराचं म्हणाल, तर पक्षाचा पंख झाला तेव्हा कोणी तक्रार केली होती? ज्यांना ‘अनिश्चित’ प्रिय आहे त्यांनी तो ‘र’ दुसऱ्या कुठल्या मार्गाने आणून दाखवावा. तोवर पाखंड हा परिषदेचा सख्खा चुलतभाऊ आहे असंच मी म्हणणार, मग आपल्याकडच्या परिषदांना ते रुचो वा न रुचो.

आणि अशोकाच्या तोंडी या शब्दात निंदेचा लवलेश नाही. त्याचा 12वा शिलालेख सांगतो की राजा सगळ्या पासंडांचा, त्यांतल्या प्रव्रजितांचा (संन्याशांचा) आणि गृहस्थांचा मान ठेवतो. आणि आपल्या पासंडाची नको तिथे स्तुती आणि दुसऱ्याच्या पासंडाची निंदा टाळण्यासाठी वाणीवर संयम असावा. बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीवक, निर्ग्रंथ (म्हणजे जैन), सगळे त्याच्या लेखी पासंडच. पुढे मनुस्मृती (4.30) बजावते की पाषंडींचा शब्दानेसुद्धा सत्कार करू नये. एकाच शब्दाभोवती दोघांनी वाणीचा नियम सांगितला आणि दोन्ही नियमांची तोंडं विरुद्ध दिशांना! शब्द तसा तोच राहिला. बदललं ते बोलणाऱ्याचं आसन.

कंदाहारला 1963 मध्ये अशोकाच्या 12व्या आणि 13व्या लेखांचं ग्रीक भाषांतर सापडलं. तिथे पासंडासाठी ग्रीक लेखकाने शब्द योजला ‘दियात्रिबे’. मूळ अर्थ वेळ घालवणं, मग अभ्यासात वेळ घालवणं, मग तत्त्वज्ञांची शाळा. आज इंग्रजीत ‘डायट्राइब’ म्हणजे शिव्यांची लाखोली. बिचाऱ्या भाषांतरकाराने भला शब्द निवडला आणि तोही पुढे बिघडला.

याच कुळातला तिसरा बिघडलेला शब्द म्हणजे ग्रीक ‘हैरेसिस’, ज्याच्यापासून इंग्रजीतला ‘हेरसी’ आला आणि ज्याच्यासाठी मराठी ख्रिस्ती लेखनात ‘पाखंड’ रूढ झालं. अर्थ ‘निवड’. निवडीवरून विचारांची शाखा, शाखेवरून पंथ. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौल स्वतःला परुशी या यहुदी ‘हैरेसिस’चा म्हणवतो (26:5) तेव्हा त्याला लाज वाटत नाही. पण पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (2:1) हाच शब्द नाशकारक शिकवणीसाठी येतो. आणि इसवी सन 200च्या आसपास तर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक तर सरळ म्हणतो की हा शब्द निवडीवरून आला, आणि आपल्या मर्जीने निवडण्याची मुभा ख्रिस्ती माणसाला नाहीच. ज्याने कोणी पहिल्यांदा ‘हेरसी’साठी पाखंड शब्द पुढे केला त्याला दाद द्यावी तेवढी थोडी. दोन्ही शब्द मुळात ‘पंथ’, दोन्ही नंतर ‘कुपंथ’.

एल्विस राहिलाच.

तर्तुल्यनच्या कसोटीवर एल्विस हा निवडणारा माणूस होता यात शंका नाही. जन्म 1935चा, मिसिसिपीतल्या टुपेलोचा. घर असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीतलं. गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीत, त्याच्या हाडीमांसी होतं. त्याला स्पर्धेतून मिळालेली तिन्ही ग्रॅमी पारितोषिकं भक्तिसंगीतासाठीची आहेत, रॉक अँड रोलसाठी एकही नाही. 1964 मध्ये लॅरी गेलर हा केशरचनाकार त्याच्याकडे आला आणि सोबत पुस्तकं घेऊन आला. परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र आलं, त्यांच्या सेल्फ-रिअलायझेशन फेलोशिपच्या दया मातांच्या भेटी झाल्या, कीरो या भविष्यवेत्त्याचं अंकशास्त्र आलं. गळ्यात क्रूसही असे आणि दाविदाचा तारादेखील. ख्रिस्ताला त्याने सोडल्याचं मात्र दिसत नाही.

सनातनी ख्रिस्ती दृष्टीने पाहिलं तर या सगळ्याचं वजन सारखं नाही, आणि त्या रूपांतराची गल्लत इथेच आहे. अंकशास्त्र हे अनुवादाच्या 18व्या अध्यायात निषिद्ध ठरलेल्या शकुन-भविष्याच्या वर्गात जाईल. ते पाप, पण पाखंड नव्हे. (‘अनुवाद’ हे मराठी बायबलातल्या एका पुस्तकाचं नाव आहे, भाषांतर नव्हे. यावर पुन्हा पत्रं नकोत.) योगानंदांच्या मार्गाकडे जाणं म्हणजे ‘माझ्याद्वारे आल्याखेरीज पित्याकडे कोणी येत नाही’ या अर्थाच्या योहान 14:6ला बगल देणं. त्याला हे टीकाकार परधर्माची ओढ म्हणतील. पण एल्विसला अतिशय प्रिय असलेलं आणखी एक पुस्तक होतं, जोसेफ बेनरचं 1914 सालचं. त्यात ‘मी आहे’ असं म्हणणारा ईश्वर वाचकाच्या आतून, त्याचाच खरा ‘मी’ म्हणून बोलतो. ‘मी आहे’ हे निर्गमाच्या 3ऱ्या अध्यायात देवाने मोशेला सांगितलेलं स्वतःचं नाव. ते माणसाच्या अंतरंगाला बहाल केलं की निर्माता आणि निर्मिती यांच्यातली रेघ पुसली जाते, आणि सनातनी ख्रिस्ती विचारात त्या रेघेवाचून काही उरत नाही. ख्रिस्ती म्हणवत हे मानणं, याला पाखंड हा शब्द चपखल बसतो. लेखकाचा रोख इथे असेल तर भाषांतर बरोबर. गळ्यातल्या ताऱ्यावर असेल तर चूक. आपल्यापैकी अनेकांना ‘देव आतच आहे’ या वाक्यात आक्षेपार्ह काय तेच कळत नाही, आणि म्हणून आपण पाखंडाचा अर्थ ढोंग करून मोकळे होतो, असा मला दाट संशय आहे.

‘समन्वय’ मात्र नको. हल्ली दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की झाला समन्वय! काही पारिभाषिक याद्यांत ‘सिंक्रेटिझम’ (वेगवेगळ्या श्रद्धांची मिसळ) या इंग्रजी शब्दासमोर हाच शब्द दिसतो आणि त्या करणाऱ्यांनी ब्रह्मसूत्रं चाळली नसावीत अशी दया येते. ‘तत्तु समन्वयात्’ (1.1.4) म्हणजे सगळ्या उपनिषदवाक्यांचा रोख एकाच तत्त्वाकडे आहे हे तर्काने दाखवणं. ते काम एल्विसने कधी केलं नाही, करायचा त्याचा दावाही नव्हता. शिवाय ‘सिंक्रेटिझम’ हा टीकाकारांच्या तोंडी ठपका आहे, शाबासकी नव्हे. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की क्रीट बेटावरचे लोक आपसांत भांडत, पण बाहेरचा शत्रू आला की एक होत, त्यावरून हा शब्द. 17व्या शतकात गेओर्ग कालिक्स्टस या लूथरपंथी पंडिताने ख्रिस्ती पंथांमध्ये सलोखा घडवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्या विरोधकांनी हाच शब्द त्याच्या अंगावर फेकला.

त्या लेखकाच्या तोंडी शोभेल असा मराठी शब्द ‘भेसळ’. भेसळ म्हणायला आधी काहीतरी शुद्ध होतं असं मानावं लागतं, आणि ते तो मानतोच. तटस्थपणे लिहायचं असेल तर ‘सरमिसळ’. एल्विसच्या चाहत्यांना ‘संगम’ लिहायचा असेल तर त्यांनी लिहावा.

राहिलं रूप. तुकोबांच्या गाथेत पाषांड आहे, बोलण्यात पाखांडही ऐकू येतं; दोन्ही जुनी, दोन्ही चालतील. आजच्या लेखनात पाखंड रूढ आहे, तेच लिहा. ‘पाखण्ड’ असं परसवर्णाचं जोडाक्षर काढायची हौस असेल तर काढा. मराठीला त्याची गरज नाही.