वीस वर्षांच्या नोंदींवर शंभर वर्षांचा पूर?

प्रश्न : आमच्या नदीच्या फक्त 20 वर्षांच्या नोंदी आहेत, मग त्यावरून 100 वर्षांतून एकदा येणारा पूर कसा काय सांगतात? अंदाजपंचे का?

उत्तर : अगदीच अंदाजपंचे नाही हो. एका स्टेशनच्या (म्हणजे नदीचा प्रवाह मोजायच्या ठिकाणाच्या) डेटावर भागत नाही म्हणून त्याच्यासारख्या बाकीच्या नद्यांचा डेटा एकत्र करतात, ही आयडिया जलतज्ज्ञ डॅलरिंपलने 1960 मध्ये अमेरिकेत नीट मांडली. प्रत्येक स्टेशनचा दरवर्षीचा सगळ्यात मोठा प्रवाह घ्यायचा, त्याला त्याच स्टेशनच्या अशा सगळ्या वार्षिक आकड्यांच्या सरासरीने भागायचं, म्हणजे सरासरी 200 घनमीटर प्रति सेकंद आणि एका वर्षी 500 आला तर 2.5. असं केलं की लहानमोठ्या नद्या एका मापात येतात, मग सरासरीच्या किती पट पूर किती वर्षांतून एकदा येतो याचा सगळ्यांचा मिळून एकच ग्राफ काढायचा आणि शेवटी त्यातल्या 100 वर्षांच्या आकड्याला आपल्या नदीच्या सरासरीने परत गुणायचं, झालं. खरी गोची गट पाडताना होते, कारण शेजारच्या नद्या सारख्याच असतील असं काही नाही, पाऊस, माती, उतार जुळायला हवा, आणि एकाच वादळाने पाच नद्यांना पूर आला तर त्या पाच नोंदी सुट्या धरणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. आणि हो, '100 वर्षांचा' म्हणजे दरवर्षी 1 टक्का शक्यता, लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो!