सहलीचे अंदाजपत्रक आणि फॉर्मवर न लिहिलेली अँजिओप्लास्टी

नाशिकच्या एका वाचकांचे पत्र आहे. वय ६७, सरकारी नोकरीतून निवृत्त. पत्नी ६३ वर्षांच्या. मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतात आणि जूनच्या मध्यापासून सहा आठवडे हे दोघे त्यांच्याकडे जाणार आहेत. एक दिवस तरी सगळ्यांना आपल्या खर्चाने फिरवावे, म्हणून टेम्सकाठच्या हेन्ली या गावी, तेही तिथल्या प्रसिद्ध नौकाशर्यतींच्या शनिवारी, सहल काढण्याचे त्यांच्या मनात आहे. ओळखीच्या टूरवाल्याने मिनीबस, तासाभराची बोटफेरी आणि जेवण मिळून मोठ्यांना १४० आणि मुलांना ९० पौंड असा भाव दिला आहे. त्यासाठी ६ लाखांच्या मुदत ठेवीतून ८० हजार काढावेत का, आणि पैसे रोख न्यावेत की कार्डावर, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताजा कलम असा: “प्रवास विमा काढला आहे, दोघांचे मिळून ५,८०० रुपये. २०२२ मध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेन्ट आहेत; पण आमचे एजंट म्हणाले की ते लिहू नका, हप्ता उगीच वाढेल. तसेही मुलगी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे भरतेच, त्यामुळे उपचार मोफत आहेत.”

आपण जे विचारले आहे त्याचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. चार मोठ्यांचे ५६० आणि नातीचे ९०, म्हणजे ६५० पौंड. पौंड १२० रुपयांचा धरला तर ७८ हजार. रेडिंगपासून हेन्ली इतके जवळ आहे की मिनीबसची गरजच नाही. ट्वायफर्डला गाडी बदलायची, तिथून हेन्लीची छोटी शाखागाडी सुमारे बारा मिनिटांत पोहोचवते. कमी गर्दीच्या वेळेचे परतीचे तिकीट माणशी दहा पौंडांच्या आसपास धरा. तीन ते नऊ मोठी माणसे एकत्र निघाली तर तिथे गटसवलत म्हणून भाड्यात साधारण एक-तृतीयांश सूट मिळते, आणि नातीचे तिकीट अर्धे. पाचही जणांचे जाणे-येणे ३५ पौंडांत होईल. बोटफेरीचे ७० आणि नदीकाठच्या एखाद्या पबमधील साध्या जेवणाचे १०० धरले, तर एकूण बेरीज २०५ पौंड, म्हणजे २५ हजार रुपये. मुलीने घरून पोळीभाजीचे डबे घेतले आणि काठावरच्या हिरवळीवर पंगत मांडली, तर खर्च १३ हजारांवर येतो. टूरवाला वरचे ५३ हजार कशाचे घेतो, हे त्यालाच विचारायला हवे.

शर्यतींचा शनिवार मात्र टाळा. ही रेगाटा, म्हणजे नौकाशर्यतींचा सोहळा, १८३९ पासून चालत आलेली आहे आणि जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीच्या त्या दिवसांत गाव माणसांनी भरून जाते. गाड्यांना गर्दी, जेवणाला रांगा आणि सहा वर्षांच्या मुलीला दिसणार ती पुढच्यांची पाठ. शर्यत पाहायचीच हौस असेल तर काठावरच्या सार्वजनिक पायवाटेवरून ती फुकट पाहता येते, त्यासाठी कोणाला १४० पौंड द्यावे लागत नाहीत. त्याआधीच्या किंवा नंतरच्या एखाद्या शनिवारी गेलात, तर तीच नदी, १७८६ चा तोच पाच कमानींचा दगडी पूल आणि त्याच बोटी निवांत मिळतील.

पैशांचे म्हणाल, तर रोख शंभर-दीडशे पौंड पुष्कळ झाले. बाकी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच पौंड भरून घेतलेले कार्ड. दुकानातील यंत्राने “रुपयांत की पौंडांत” असे विचारले, तर पौंडच निवडा, कारण रुपये निवडल्यास विनिमय दर त्यांच्या सोयीचा लागतो. २५ हजारांसाठी मुदत ठेव मोडू नका. पेन्शनच्या बचत खात्यातून ते सहज निघतील.

आता ताजा कलमाकडे येतो, कारण आपण जी गोष्ट जाता जाता लिहिली आहे, तिच्यापुढे हेन्लीचा सगळा हिशेब चिल्लर आहे. आपली कन्या जो आरोग्य अधिभार भरते, तो दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी असतो, मोठ्या माणसासाठी वर्षाला १,०३५ पौंड या दराने तो व्हिसा काढतानाच घेतला जातो, आणि ज्याच्या नावे भरला त्यालाच लागू होतो. सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर जाणाऱ्या आई-वडिलांनी तो भरलेला नसतो, त्यामुळे त्यांना त्याचा काडीचाही उपयोग नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यात एकमेकांच्या नागरिकांवर मोफत उपचार करण्याचा करारही नाही. अपघात व तातडी विभागात तपासणी आणि प्राथमिक उपचार सर्वांनाच मोफत आहेत, हे खरे. परंतु छातीत दुखते म्हणून आपण तिथे गेलात आणि डॉक्टरांनी वॉर्डात दाखल करून घेतले, की त्या क्षणापासून मीटर सुरू होतो, आणि परदेशी पाहुण्याला ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. तातडीचा उपचार कोणी अडवत नाही. बिल मागाहून येते.

ते किती येईल हे मी सांगू शकत नाही, म्हणून एक आकडा केवळ समजून घेण्यासाठी धरू. उपचाराचा मूळ दर ७ हजार पौंड असेल, तर आपल्याला साडेदहा हजार, म्हणजे साडेबारा लाख रुपये. आपली मुदत ठेव ६ लाखांची आहे. उरलेले साडेसहा लाख मुलगी आणि जावई भरतील, आणि न भरून चालणार नाही, कारण ५०० पौंड किंवा त्याहून अधिक रक्कम दोन महिने थकली, तर पुढचा व्हिसा त्या कारणावरून नाकारला जाऊ शकतो. नातीला पुन्हा भेटायला जाण्याचा रस्ताच मग अडतो.

“पण विमा आहे ना?” असे आपण म्हणाल. माझ्या मते तो नाही. हृदयाचा आजार लपवून घेतलेल्या पॉलिसीवर हृदयाच्याच उपचाराचा दावा आला, की कंपनी जुने कागद मागते, २०२२ ची डिस्चार्ज समरी समोर येते आणि दावा फेटाळला जातो. यात कंपनीची लबाडी म्हणण्यासारखे काही नाही, कारण फॉर्मवर सही आपली आहे, एजंटची नाही. त्याला ५,८०० रुपयांवर कमिशन मिळाले, आपल्याला सुरक्षिततेचा भास मिळाला. घरची मेडिक्लेम पॉलिसी असेल, तर तीही सहसा भारताबाहेर चालत नाही, तेव्हा तिच्यावर विसंबू नका.

प्रवासाला निघण्यापूर्वी, म्हणजे या आठवड्यातच, विमा कंपनीला स्वतः ईमेल करून अँजिओप्लास्टी, स्टेन्ट आणि चालू औषधे कळवा. कंपनी जादा हप्ता मागेल किंवा पॉलिसी नाकारेल. दोन्ही चालेल, कारण दुसरी शोधायला अजून वेळ आहे, आणि प्रवास सुरू झालेला नसताना पॉलिसी रद्द केली तर थोडे शुल्क कापून पैसे बहुधा परत मिळतात. नवी घेताना दोनच गोष्टी वाचा. आधीपासूनच्या आजारासाठी मर्यादा किती आहे, हे पाहा. अनेक पॉलिसींत ५० हजार डॉलर मोठ्या अक्षरांत असतात, आणि अशा आजारासाठी फक्त जिवाला धोका असेल तेव्हाचा उपचार, तोही फार थोड्या रकमेपर्यंत, ही अट बारीक अक्षरांत. साठीनंतर हृदयविकारासाठी वेगळी कमाल मर्यादा आहे का, तेही पाहा. तिथल्या काही कंपन्या पाहुण्यांसाठी विमा देतात, त्यांचे भाव मुलीला काढायला सांगा. हप्ता आताच्या पाचपट, म्हणजे २९ हजार झाला असे धरले, तरी टूरवाल्याकडून वाचलेल्या ५३ हजारांत तो बसतो आणि वर २४ हजार उरतात. हृदयरोगतज्ज्ञांचे पत्र, डिस्चार्ज समरीची प्रत आणि सहा आठवडे पुरून उरतील इतकी औषधे हातातील बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.

पत्रात ओझरता उल्लेख असलेली दहा वर्षांची एंडोमेंट पॉलिसी (आयुर्विमा आणि बचत एकत्र), वार्षिक १ लाख हप्त्याची, याच एजंटने आपल्या वयाच्या ६४ व्या वर्षी गळ्यात मारली आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर ८.२ टक्के व्याज मिळत असताना निवृत्त माणसाला हे उत्पादन का विकावे, याचे प्रामाणिक उत्तर मला सापडत नाही. तीन हप्ते गेले आहेत. चौथा भरण्यापूर्वी सरेंडर मूल्याचा, म्हणजे पॉलिसी आताच बंद केल्यास हाती येणाऱ्या रकमेचा, आकडा कंपनीकडून लेखी मागवून मला पाठवा, मग बोलू.

एजंट महाशयांना मात्र एक विनंती जरूर करा: “आजार लिहिला नाही तरी दावा मिळेल” हे वाक्य त्यांनी फोनवर न बोलता ईमेलने लिहून पाठवावे. तसे पत्र आले, तर त्याची एक प्रत मलाही हवी आहे. इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात ते एकदाही आलेले नाही.