दादा पुण्यात, आपण टोरंटोत, आणि फोन ठेवला की डोकं गरम

यावेळी एका ताईंचा प्रश्न आलाय, पण थोड्याफार फरकाने तो बाहेर राहणाऱ्या बऱ्याच घरांतला आहे. ताई टोरंटोजवळ असतात. पुण्यात आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, दादा-वहिनींनी सगळं केलं, ताईंनी रोज फोन केला, अर्धे पैसेही पाठवले, आणि आता दादा हो-नाहीच्या पलीकडे बोलतच नाही. "माझं नेमकं काय चुकलं?" असं त्या विचारतायत.

ताई, तुमचं वाक्य तसं चुकीचं नव्हतं, ते पडलं चुकीच्या जागी. डिस्चार्जच्या दिवसाचा फोन घेऊ. तुमचे सकाळचे सात, म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात दुपारचे साडेचार. तुम्ही विचारलंत, "अजून सोडलं नाही? तू नीट विचारलंस का?" आणि दादा म्हणाला, "तूच ये आणि विचार." फोन कट. आता त्या साडेचारच्या मागे काय होतं ते बघा. डॉक्टर सकाळी राउंडला "आज घरी जा" म्हणून गेले, की फाइल वॉर्डातून बिलिंगला, तिथून टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था), टीपीएने एक क्वेरी काढली की परत डॉक्टरांची सही, आणि डॉक्टर तोवर ऑपरेशन थिएटरमध्ये. कॅशलेसला विमा कंपनीने तीन तासांत डिस्चार्जची मंजुरी द्यायची असा नियम २०२४ पासून आहे, पण हे तीन तास हॉस्पिटलने रिक्वेस्ट पाठवल्यावर सुरू होतात, त्याच्या आधीचे तास नातेवाईकाच्या खात्यात. म्हणजे दादा सकाळपासून काउंटर ते वॉर्ड चकरा मारतोय, आई "किती वेळ रे अजून" विचारतेय, जेवण झालेलं नाही, आणि त्यात हा प्रश्न. तुम्ही काळजीने विचारलंत, त्याला ऐकू आलं की तुला जमत नाहीये.

आणि हो, त्यालाही तुमच्या बाजूचं काही दिसत नव्हतं. तुम्हीच लिहिलंय की तेव्हा तुम्ही डेकेअरच्या पार्किंगमध्ये होतात, मागे मुलगा रडत होता, रात्रभर झोप नव्हती. त्याच्या डोळ्यासमोर मात्र तुमचं ते मोठं किचन आणि बर्फातले फोटो.

असं असलं तरी माझं स्पष्ट मत आहे की पहिलं पाऊल लांब असणाऱ्यानेच टाकावं. कोण लहान कोण मोठा हा इथे मुद्दाच नाही, ज्याला कमी दिसतंय त्याने आधी विचारायचं, एवढंच. फोन लागला की पहिलं वाक्य, "दादा, कुठे आहेस आत्ता, बोलायला जमेल का?" तो म्हणाला नंतर कर, तर खरंच नंतर करायचा, "फक्त एकच विचारते" म्हणून रेटायचं नाही.

दुसरी गोष्ट कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. १९५२ साली छापून आलेल्या एका लेखात त्यांनी एक साधा प्रयोग सुचवला होता: वाद चालू असताना समोरच्याचं म्हणणं आणि त्याची भावना आधी आपल्या शब्दांत सांगायची, तो "हो, असंच" म्हणाला की मगच आपला मुद्दा मांडायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण तापलेलं असताना करून बघा, जीभ नुसती सळसळते. पुढे १९५७ मध्ये त्यांनी रिचर्ड फार्सन यांच्याबरोबर अॅक्टिव्ह लिसनिंगवर लिहिलं आणि आज ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये आपण जे स्लाइडवर बघतो ते बरंचसं तिथूनच आलंय. फक्त ती स्लाइडवरची भाषा घरी आणू नका. "मला असं जाणवतंय की तुला राग आलाय" असं सख्ख्या भावाला म्हणालात तर तो आणखी भडकेल, आणि माझ्या मते बरोबरच भडकेल. आपल्या घरात हे असं होतं: "म्हणजे सकाळपासून तू तिथेच आहेस? आणि जेवला पण नसशील." मग गप्प बसायचं. तो बोलेल. बोलून झालं की विचारायचं, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" आपल्याकडे सल्ल्याला तोटा नाही, तिकडे राहून गूगल करून तर अजिबातच नाही, फिजिओचे व्हिडिओ वहिनीला फॉरवर्ड करण्याआधी हा प्रश्न विचाराच.

चॅटवर हे होत नाही. क्रूगर, एपली आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००५ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात ई-मेल लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपण गंमतीत लिहिलंय की सीरियसली हे समोरच्याला कळेलच, प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज नाणं उडवण्यापेक्षा फार बरे नव्हते. आता फॅमिली ग्रुपवर दादाने लिहिलेलं "बरं. पैसे मिळाले." वाचा. तुम्ही त्यात तुसडेपणा वाचलात, असेलही, किंवा तो लिफ्टमध्ये उभा असेल. नुसत्या चॅटवरून ठरवू नका, आणि ग्रुपवर तर उत्तर देऊच नका, तिथे काका-मावश्या बघतायत, मग दोघंही बाकीच्यांना दाखवायला बोलता.

आईचं वेगळं. तिला "कशी आहेस" विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी मजेत, तू काळजी करू नकोस." यावर विसंबून तुम्ही दादाला म्हणता "आई तर बरी आहे म्हणाली" आणि तो कपाळावर हात मारतो, कारण रात्री दोनदा उठून आधार द्यायला तोच असतो. तिला बारीक विचारा. आज वॉकरने कुठपर्यंत गेलीस, रात्री किती वेळा उठलीस, गुडघा किती वाकतो. आणि हे दादाची उलटतपासणी करायला वापरू नका, प्लीज.

एक मात्र सांगते, नुसतं ऐकून घेतल्याने त्याचं काम हलकं होत नाही. गोड बोलणारी बहीण आणि सगळा भार आपल्यावर, हे काही दिवसांनी त्याला जास्तच बोचेल. पैसे पाठवलेत ते चांगलंच, पण त्याचा वेळ जातोय त्यातलं थोडं उचला. ऑपरेशननंतरची औषधं, फिजिओ, तपासण्या यांची बिलं बऱ्याच पॉलिसीत ६० दिवसांपर्यंत, काहींत त्याहून जास्त दिवस क्लेम करता येतात (फिजिओ धरतात का ते पॉलिसीत बघून घ्या), आणि ते फॉर्म भरत बसायचं काम कॅनडातून आरामात होतं. दादाने फक्त बिलांचे फोटो टाकायचे. ओटीपी त्याच्या मोबाइलवर येणार, तेव्हा लॉगिन करायच्या आधी वेळ ठरवून घ्या, उन्हाळ्यात तुमच्या दुपारी साडेचारला तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात.